मदत हवी आहे: एकच मजकूर २३ पानांवर एकदम बदलायचा, पण त्यातली एक ओळ पानागणिक वेगळी ठेवायची

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली. आई आणि गल्लीतल्या बायकांचा बचत गट आहे. बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, नागलीचे पापड, केळीचे वेफर्स, काळा मसाला असं विकतात. त्यांची वेबसाइट मी केली आहे, वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या ब्लॉक एडिटरमध्ये. मला कोडिंग येत नाही, त्यामुळे उत्तर देताना कुठलं बटण कुठे आहे तेही सांगा, ही विनंती.

साइटवर एकूण २३ पानं आहेत. प्रत्येक पदार्थाच्या पानाखाली ‘मागणी कशी नोंदवावी’ हा भाग येतो. त्यात फोन नंबर, पैसे कसे पाठवायचे, पार्सल कोणत्या वारी निघतं आणि कमीत कमी किती माल घ्यावा लागतो, एवढं असतं. सुरुवातीला मी तो एकदा लिहिला आणि बाकी सगळीकडे कॉपी-पेस्ट केला.

यंदा गटाचा फोन नंबर बदलला. एका रात्रीत सगळी पानं उघडून मी नंबर बदलले, पण दोन पानं राहून गेली. त्यातल्या कुरडयांच्या पानावरून पुण्याच्या एका बाईंनी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी कितीतरी वेळा जुन्या नंबरवर फोन लावला. शेवटी नातेवाइकांकरवी निरोप आला, तोवर त्यांनी दुसरीकडून घेऊन टाकलं होतं. काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरून विचारलं, “हाऊ जुना नंबर आजून आठे कसाले शे?” मला उत्तर देता आलं नाही. या बायका पहाटे उठून चुलीवर पीठ हाटतात आणि ऊन चढायच्या आत ओल्या कापडावर बिबडे थापतात. त्यांचं गिऱ्हाईक एका राहिलेल्या ओळीमुळे जावं, हे मला फार लागलं.

म्हणून ‘पॅटर्न’, म्हणजे एकदा बनवून हव्या त्या पानावर टाकता येणारा मजकुराचा साचा, करून पाहिला. पहिल्या वेळी तो सगळ्या पानांवर टाकला, पण एका ठिकाणी दुरुस्ती केली की तेवढ्याच पानावर बदल व्हायचा. मग नवा पॅटर्न केला आणि ‘सिंक्ड’ चालू ठेवलं. आता उलटंच झालं. बिबड्यांच्या पानावर ‘कमीत कमी १ किलो’ लिहिलं, तर वेफर्सच्या पानावरही तेच आलं. वेफर्स आम्ही पाव किलोपासून देतो.

नंबर, पैसे आणि वार एका जागी बदलले की सगळीकडे बदलावेत, फक्त किलोची ओळ ज्या त्या पानाची राहावी. असं करता येतं का? की किलोची ओळ या भागातून काढून वेगळीच लिहू?

तापीकाठ: वर्डप्रेसची आवृत्ती कोणती? डॅशबोर्डवर ‘अ‍ॅट अ ग्लान्स’ या चौकटीत दिसेल.

धागाकर्ती: ६.४ आहे.

तापीकाठ: तिथेच अडलंय. तुम्ही केलं ते दोन्ही वेळा बरोबरच चाललं होतं, फक्त ते दोन वेगळे प्रकार आहेत. सिंक बंद असलेला पॅटर्न म्हणजे छापील नमुना. पानावर टाकला की त्याची सुटी प्रत होते आणि मूळ नमुन्याशी तिचा संबंध उरत नाही. सिंक्ड पॅटर्नचा मजकूर मात्र डेटाबेसमध्ये वेगळा साठवलेला असतो आणि पानात त्याचा फक्त क्रमांक असतो. म्हणून कुठूनही बदला, सगळीकडे बदलतो. ५.० मध्ये, म्हणजे २०१८ साली, हेच ‘रीयुजेबल ब्लॉक’ म्हणून आलं आणि २०२३ मध्ये ६.३ ला नाव बदललं.

तुम्हाला हवी ती सोय ६.६ पासून आहे. आधी साइटचा पूर्ण बॅकअप घ्या, मगच अपडेट करा. मग मूळ पॅटर्न उघडून फक्त किलोच्या ओळीवर क्लिक करा. उजव्या पट्टीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली ‘एनेबल ओव्हरराइड्स’ आहे, ते दाबून त्या ओळीला एक नाव द्या. आता ती ओळ प्रत्येक पानावर वेगळी लिहिता येईल. त्यासाठी ती स्वतंत्र परिच्छेद हवी, नंबरच्या परिच्छेदात मिसळलेली नको.

नंबरच्या ओळीवर ओव्हरराइड चुकूनही चालू करू नका. पानावर एकदा वेगळं लिहिलं की मूळ बदलूनही ते पान जुनंच दाखवतं, आणि तुम्ही परत कुरडयांच्या पानापाशी येऊन पोचाल. ‘डिटॅच’ही दाबू नका, त्याने त्या पानाचा पॅटर्नशी संबंधच तुटतो.

जुनाधागा: पूर्वी ड्रीमवीव्हर या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ‘लायब्ररी आयटम’ वापरायचो. त्यात बदल केला की सॉफ्टवेअर आपल्या संगणकावरची सगळी पानं दुरुस्त करायचं, पण ती सर्व्हरवर पुन्हा चढवावी लागायची. एखादं पान चढवायचं राहिलं की तिथे जुनाच मजकूर. वर्डप्रेस पान उघडताना मजकूर जोडतं, त्यामुळे ती भीती नाही. पण आधी कॉपी-पेस्ट केलेले तुकडे आपोआप जोडले जाणार नाहीत, ते काढून तिथे सिंक्ड पॅटर्न टाकावा लागेल. पानांच्या यादीत वर शोधायची चौकट आहे. तिथे जुन्या नंबरचे आकडे टाका, राहिलेली पानं सापडतील.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. काल बॅकअप घेऊन अपडेट केलं. जुन्या नंबरने शोधलं तर आणखी एक पान निघालं, काळ्या मसाल्याचं. मला पत्ताच नव्हता. सगळे जुने तुकडे काढून पॅटर्न टाकला, किलोची ओळ पानापानावर वेगळी केली. मग पार्सलचा वार सोमवारचा मंगळवार केला, तो सगळीकडे बदलला. फक्त माझ्या मोबाइलवर वेफर्सच्या पानाला अजून सोमवारच दिसतोय. लॅपटॉपवर बरोबर आहे.

तापीकाठ: पान लवकर उघडावं म्हणून त्याची जुनी प्रत साठवून ठेवतात, तिला कॅश म्हणतात. साइटवर कॅशचं प्लगइन (वेगळं जोडलेलं साधन) असेल तर त्यातून कॅश साफ करा, मग मोबाइलच्या ब्राउझरची. दुसऱ्या कुणाच्या फोनवरही उघडून बघा.

धागाकर्ती: कॅश साफ केली. काकूंच्या फोनवर उघडलं, मंगळवार दिसतोय. आता ‘पावसाळ्यात बिबडे वाळत नाहीत, आहे तो साठा संपेपर्यंतच मिळतील’ ही सूचनाही त्याच पॅटर्नमध्ये टाकते आहे.