५.७ वोर्टेकवर १.६ रेशोचे रॉकर: कोणते घ्यावेत, आणि स्प्रिंगचं काय?

मिशिगनकर:
मंडळी, १९९७ ची शेव्ही पिकअप आहे. ५.७ लिटर वोर्टेक व्ही-८ (इंजिनचा कोड एल३१), कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) आणि हेड दोन्ही कंपनीचेच. कॅमला हात न लावता १.५ चे रॉकर (कॅमचा धक्का दीडपट करून व्हॉल्वला देणाऱ्या तरफा) काढून १.६ चे टाकायचा विचार आहे. ताकदीत कळण्याजोगा फरक पडतो का? स्प्रिंग बदलाव्या लागतील का? आणि रॉकर सेल्फ-अलाइनिंग घ्यावेत की साधे?

आटेपाना:
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पैसे तिथेच वाया जातात. वोर्टेक हेडवर गाईड प्लेट (पुशरॉडला सरळ धरणारी पट्टी) नसते आणि पुशरॉडचं, म्हणजे रॉकरला खालून ढकलणाऱ्या काडीचं, भोकही ऐसपैस असतं. सेल्फ-अलाइनिंग रॉकरच्या टोकाला दोन कडा असतात, त्या व्हॉल्वच्या दांड्याला दोन्हीकडून धरतात आणि रॉकर सरळ राहतो. म्हणून सेल्फ-अलाइनिंगच घ्या, ३/८ इंच स्टडचे. साधे टाकलेत तर व्हॉल्ववरून घसरतील. पुढेमागे गाईड प्लेट बसवल्यात तर मात्र सेल्फ-अलाइनिंग काढायचे. दोघांची ओढाताण होते आणि व्हॉल्वचा दांडा व गाईड (दांडा सरकतो ती नळी) खाल्ले जातात.

आता गणित. तुमच्या कॅमची लिफ्ट (व्हॉल्व किती उघडतो ते) १.५ वर इनटेकला ०.४१४ आणि एक्झॉस्टला ०.४२८ इंच. १.६ वर ती होते ०.४४२ आणि ०.४५७. म्हणजे सुमारे पावणेसात टक्के जास्त. कॅमचं ड्युरेशन (उघडं ठेवायचा काळ) लिफ्टरपाशी, म्हणजे कॅमवर टेकून पुशरॉड उचलणाऱ्या भागापाशी, होतं तेच राहतं, पण व्हॉल्व झपकन उघडतो आणि पूर्ण उघडा जरा जास्त वेळ राहतो. दहा-पंधरा हॉर्सपॉवर धरा, तेही वरच्या आरपीएमला. सिग्नलवरून निघताना काही जाणवणार नाही.

धुराडे:
माझं मत: आठच रॉकर घ्या, फक्त एक्झॉस्टला लावा. या हेडचं इनटेक मुळात चांगलं आहे, एक्झॉस्टच मागे पडतं. निम्म्या पैशात काम होतं.

आटेपाना:
तत्त्वतः मान्य. पण या हेडवर जागेची अडचण नेमकी एक्झॉस्टलाच आधी येते, कारण लिफ्ट तिथे जास्त आहे. आधी मोजा, मग ऑर्डर द्या.

मोजायची रीत: ज्याचा व्हॉल्व मोजायचा ते सिलिंडर टीडीसीला (पिस्टन अगदी वर) आणा, म्हणजे व्हॉल्व सुटला तरी पिस्टनवर टेकतो, आत पडत नाही. स्प्रिंग काढा, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि लॉक (टोपी दांड्यावर अडकवणारे तुकडे) तेवढे परत बसवा, व्हॉल्व वर ओढून सीटवर धरा. रिटेनरच्या तळापासून गाईडवरच्या ऑइल सीलच्या माथ्यापर्यंत कॅलिपर लावा. आकड्यातून ०.०५० इंच वजा केले की उरते ती सुरक्षित लिफ्ट. हे न पाहता चालवलं तर रिटेनर सीलवर आपटतो, सील फुटतं आणि गाडी निळा धूर सोडू लागते.

स्प्रिंगचीही जागा बघा. बसवलेली उंची १.७०० इंच, त्यातून ०.४५७ लिफ्ट आणि ०.०६० मोकळीक वजा केली की १.१८३ उरतात. व्हाइसमध्ये दाबल्यावर स्प्रिंगचे वेढे त्याआधीच एकमेकांना टेकत असतील तर ती बाद.

मिशिगनकर:
मोजलं. एक्झॉस्टला रिटेनर ते सील ०.४९५. इनटेकलाही तेवढंच.

आटेपाना:
मग सुरक्षित लिफ्ट ०.४४५. इनटेक ०.४४२, जेमतेम बसतं. एक्झॉस्ट ०.४५७, बसत नाही. धुराडे यांचा सल्ला तुमच्या हेडवर नेमका उलटा करावा लागेल: १.६ फक्त इनटेकला. पण इतकी कमी शिल्लक असेल तर आठही इनटेक मोजा, एकावरून ठरवू नका.

धुराडे:
हे बरोबर. १.६ दोन्हीकडे हवेच असतील तर गाईडचा माथा तासून घ्या, नाहीतर बीहाइव्ह (वर निमुळत्या) स्प्रिंग आणि त्यांचे छोटे रिटेनर. मात्र स्प्रिंग कडक झाली की रॉकरचे दाबून बसवलेले स्टड हळूहळू वर सरकतात. एखादा टॅपेट सारखा ढिला पडत असेल तर दर वेळी नट आवळत बसू नका, स्टडची उंची शेजारच्याशी ताडून बघा. कडक स्प्रिंगसोबत आट्यांचे स्टडच बरे.

मिशिगनकर:
ठीक, आधी फक्त इनटेक. टॅपेट सेटिंग कसं करू?

आटेपाना:
इंजिन थंड असताना, एकेका सिलिंडरचं. एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक सेट करायचा. पुशरॉड वर-खाली हलवत नट आवळा. खेळ संपला ते शून्य. पुशरॉड बोटांत फिरवून अंदाज घेऊ नका, त्यात फसायला होतं. शून्यानंतर अर्धी चक्कर. ३/८ स्टडला इंचात २४ आटे, म्हणजे नट ०.०२१ खाली जातो आणि १.६ वर पुशरॉड ०.०३४ दबतो. पुरेसं आहे. पॉलीलॉक (मधे स्क्रू असलेला रॉकरचा नट) असेल तर मधला स्क्रू आधी आवळून शेवटचा थोडा भाग नट आणि स्क्रू एकत्र फिरवायचे, नाहीतर सुटतो.

पहिल्या व्हॉल्वच्या टोकाला मार्करची शाई लावा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, रॉकर काढून बघा. शाई पुसल्याचा पट्टा अरुंद आणि मधोमध हवा. कडेला गेला असेल तर पुशरॉडची लांबी बदलावी लागेल.

धुराडे:
दोन गोष्टी राहिल्या. रोलर रॉकर (टोकाला चाक असलेले) उंच असतात, व्हॉल्व कव्हरच्या आतल्या पत्र्याला लागतात का ते कव्हर ठेवून हाताने इंजिन फिरवून तपासा. आणि रिटेनर कधी बदललेत तर रॉकरच्या त्या दोन कडा आणि रिटेनर यांच्यात फट दिसली पाहिजे. कडा रिटेनरवर टेकल्या तर लॉक निसटतात आणि व्हॉल्व थेट सिलिंडरमध्ये पडतो.