फोर-बाय-फोर नसेल तर मोठी एसयूव्ही घेऊच नये?

गंगापूर रोडकर
परवा इथे एकाने ठणकावून लिहिलं: "सात सीटर घ्यायची तर डिझेल फोर-बाय-फोरच, बाकी नुसत्या उंच गाड्या." हे वाचून लोक फोर-बाय-फोरसाठी, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणाऱ्या सिस्टीमसाठी, दोनेक लाख जास्त मोजतात, म्हणून लिहितोय. मुंबई, त्र्यंबक, वणीचा गड, समृद्धी, सगळीकडे डांबर नाहीतर काँक्रीट. तिथे ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) आणि पुढचं डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर्स) फक्त वजन वाढवतात, त्यांचं ऑइल वेगळं बदलावं लागतं. शिवाय स्कॉर्पिओ-एन काय, फॉर्च्युनर काय, दोन्हींची सिस्टीम पार्ट-टाइम, म्हणजे निसरड्या रस्त्यापुरतीच चालू करायची. कोरड्या रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाकून वळलात की पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मधे डिफरन्शियल नाही, सगळा ताण शाफ्ट आणि गिअर्सवर. ओल्या घाटात थांबायला फोर-बाय-फोरचा उपयोग शून्य, ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात.

दिंडोरीचा बागायतदार
साहेब, नाशिक म्हणजे फक्त गंगापूर रोड नाही. छाटणीच्या दिवसांत परतीचा पाऊस झाला की बागेच्या रस्त्यावर काळी माती. रिअर व्हील ड्राइव्ह (फक्त मागच्या चाकांना ताकद) गाडी मागे रिकामी असली की चाक जागेवर फिरतं आणि खाली बसतं. मग ट्रॅक्टर बोलवा. फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग कमी, ओढ जास्त) तीच गाडी रांगत बाहेर येते. सफारीला फोर-बाय-फोर मिळतच नाही, त्यामुळे बागेवाल्याने ती बघायचीच नाही. शहरात बसून आम्हाला शिकवू नका.

सातपूर एमआयडीसी
दोघंही टायर विसरलात. कंपनीचे हायवे टायर काळ्या मातीत भरले की गुळगुळीत होतात, मग चारही चाकं फिरली तरी गाडी हलत नाही. ऑल-टेरेन (खोल खाचांचे) टायर आधी, फोर-बाय-फोर नंतर. पण त्या पोस्टमधला खरा घोळ "डिझेलच" या शब्दात आहे, त्यावर कोणी बोलत नाही. बीएस-६ (सध्याचे प्रदूषण नियम) डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. काजळी जळायला एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो. कॉलेज रोड ते द्वारका सिग्नलला थांबत जाणारी गाडी तेवढी तापत नाही. रीजनरेशन, म्हणजे जादा डिझेल सोडून काजळी जाळणं, सुरू होतं आणि मालक घरी पोचून गाडी बंद करतो. जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून सम्पमध्ये (इंजिन ऑइलच्या तळातल्या टाकीत) उतरतं, ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर लेव्हल 'मॅक्स'च्या वर दिसली तर आनंद मानू नका, ऑइल लगेच बदला.

ओझरकर
डीपीएफचा बागुलबुवा पुरे झाला! आठवड्यातून एकदा हायवेवर वीस मिनिटं सलग ६०-७०च्या वर चालवली की काजळी जळते. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की थांबायचं नाही, चालवत राहायचं, एवढंच.

सातपूर एमआयडीसी
काजळी जळते, राख जळत नाही! ती ऑइलमधल्या अॅडिटिव्हची असते आणि फिल्टरमध्ये साठतच जाते. म्हणून लो-अॅश ऑइल लागतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये "डिझेलचं चांगलं ऑइल" म्हणून काहीही ओततात, तिथे फिल्टरचं आयुष्य घटतं. ज्यांचं रोजचं जाणं आठ-दहा किलोमीटर आणि मुंबई वर्षातून चारदा, त्यांनी डिझेल का घ्यावं ते सांगा.

ओझरकर
कारण दोन हजार सीसीचं टर्बो पेट्रोल सात माणसं घेऊन कसारा घाट चढताना किती पितं ते बघा. शहरातही दोन आकडी अॅव्हरेज विसरा.

गंगापूर रोडकर
रोड टॅक्सही मांडा ना. महाराष्ट्रात २० लाखांच्या वर डिझेलला १५ टक्के, पेट्रोलला १३. बावीस लाखांच्या गाडीवर ४४ हजारांचा फरक पहिल्याच दिवशी. रनिंग कमी असेल तर तो वसूल होत नाही.

ओझरकर
बरं, शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला पेट्रोल, मान्य. महिन्याला दीड हजार किलोमीटर हायवे करणाऱ्याला मात्र घाबरवू नका.

दिंडोरीचा बागायतदार
विषय फोर-बाय-फोरचा होता, फिल्टरवर गेला. टायरचं पटलं. पण टायर बदलूनही उतारावर फोर-लोचं इंजिन ब्रेकिंग (ब्रेक न दाबता इंजिननेच वेग रोखणं) मिळत नाही, तेही लिहा.

पंचवटी
घेणाऱ्याला उपयोगी पडेल असं कोणी बोलतच नाही. स्कॉर्पिओ-एन ४६६२ मिमी लांब, १९१७ रुंद. आरसे उघडे धरून आधी पार्किंग टेपने मोजा, मग बुकिंग. टेस्ट ड्राइव्हला घरची सगळी माणसं न्या, तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला अर्धा तास बसवा. ती रांग उभी असताना मागे बॅगा राहतात का ते बॅगा ठेवूनच बघा. जीव्हीडब्ल्यूमधून (भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन) कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) वजा करा. सात माणसं अधिक सामान त्यात बसलं पाहिजे, कॅरिअर लावलं तर तेही.

सातपूर एमआयडीसी
आणि समृद्धीवर जाण्याआधी हवा थंड टायरमध्येच तपासा, दाराजवळच्या स्टिकरवरच्या फुल लोडच्या आकड्याप्रमाणे. कमी हवा असली की साइडवॉल सारखी दुमडते, तापते, फुटते. डिलिव्हरी घेताना पाचही टायरवरचे चार आकडे वाचा. ३२२४ म्हणजे २०२४च्या ३२व्या आठवड्यात बनलेला. स्टेपनी जुनी निघाली तर सही करू नका.