ग्रीक अक्षरांचं नाणं वाचायला मदत हवी आहे (तातडीने)

पितळखोरा:
एका लॉटमध्ये तांब्याचं नाणं आलंय. कडेने दिसतं ते असं: ए, वाय, टी, के, मग ओ, दाराच्या चौकटीसारखं अक्षर, ई, उलटा व्ही. पुढचं झिजलंय. चेहऱ्यांच्या खाली ए, एन, टी, डब्ल्यू, एन. ग्रीकमध्ये डब्ल्यू कुठून आला? आज रात्रीच पाकिटावर नोंद करायची आहे, लवकर सांगा.

रानवाटा:
चेहरे किती? मागच्या बाजूला काय आहे? व्यास, वजन?

पितळखोरा:
दोन, समोरासमोर. एकाला दाढी, दुसरा पोरसवदा. मागे तराजू घेतलेली बाई, शेजारी सुटा ई. २७ मिमी. वजनकाटा नाही. मी अक्षरांचं विचारलंय.

अपरान्त:
चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवा, अक्षरं उघडतील.

रानवाटा:
अजिबात नको! हिरवा थर गेला की उरलेली अक्षरंही जातील.

सह्यकडा:
खालचं नाव अँटोनिनस, म्हणजे रोमन सम्राट कॅराकॅला. त्याचं अधिकृत नाव तेच होतं. समोरचा भाऊ गेटा.

रानवाटा:
नाही हो. चौकट म्हणजे पी, उलटा व्ही म्हणजे एल. 'आउत' म्हणजे आउतोक्रातोर, सम्राट. 'के' कैसार, म्हणजे सीझर. पुढचं 'ओपेल', ओपेलियस. हे घराणं सम्राट मॅक्रिनसचं. त्याने आपल्या पोराला, डायाड्युमेनियनला, अँटोनिनस हे नाव जोडलं. डब्ल्यू म्हणजे ओमेगा, ग्रीकमधला दीर्घ ओ. त्या काळी तो तसाच गोलसर काढत. सी दिसला तर तो स.

सह्यकडा:
समोरासमोरचे चेहरे कॅराकॅलाच्या नाण्यांवरही असतात.

रानवाटा:
असतात, पण 'ओपेल' नसतं. पितळखोरा, मागच्या कडेला काय आहे?


 

पितळखोरा:
वाय, चौकट, परत चौकट, ओ, एन, टी... दुसऱ्या टोकाला एम, ए, पी, के.

रानवाटा:
झालं की! पहिली दोन अक्षरं 'ह्युप', पुढे पोंटियानू: पोंटियानस सुभेदार असताना. 'माप्क' नाही, मार्क. ग्रीकमध्ये पीसारखं दिसणारं अक्षर म्हणजे र. मार्कियानोपोलिसच्या लोकांचं नाणं. आजच्या बल्गेरियातलं देव्न्या. सुटा ई म्हणजे ५, किंमत पाच असारिया (त्या काळची तांब्याची छोटी नाणी). पाकिटावर इ. स. २१७-२१८ लिहा; मॅक्रिनसची कारकीर्द तेवढीच.