ताक नको, निशिगंध चालेल

चोरबाजारातून आणलेल्या फुलाफुलांच्या चिनी मातीच्या जगमधून (जगातून म्हटलं की विश्वातून वाटतं!) पाहुण्यांना ताक द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी देणार नाही. जुन्या झिलईत बऱ्याचदा शिसं असतं, ते आंबटात उतरतं. आत केसासारख्या भेगांची जाळी असेल तर विषयच संपला. माझ्या तशा जगमध्ये दादरच्या फुलबाजारातला निशिगंध असतो. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास. पितळी जगला आतून ताजी कल्हई असेल तर ताक खुशाल, फक्त कल्हईवाला सापडला पाहिजे.

घेताना टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. मग उलटा करून बूड बघा. 'इंग्लंड' छापलेलं असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेच्या आयात कायद्याने मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. तरी दुकानदार बिनधास्त "दोनशे वर्षं जुना" म्हणतो! आणि चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, मी एकदा लोकलने धक्के खात जाऊन हात हलवत परत आलेय.