पहिले दहा एलपी कोणते घ्यावे? आणि नागपूरच्या मे महिन्यात ठेवावे कुठे?

बर्डीकर
नमस्कार मंडळी. टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र) जवळपास ठरलं आहे, आता एलपीची, म्हणजे मोठ्या ग्रामोफोन तबकड्यांची, यादी करून राहिलो आहे. सध्या आठ आहेत: पिंक फ्लॉइडचे 'द डार्क साइड ऑफ द मून' आणि 'विश यू वेअर हिअर', बीटल्सचा 'ॲबी रोड', लेड झेपेलिनचा चौथा, डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स', माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', शक्ती या बँडचा १९७६ चा पहिला आणि इंडियन ओशनचा 'कंदिसा'. दोन जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. यातलं एलपीवर घ्यावं असं खरंच काय आहे? जुनी भारतीय प्रेस (तेव्हा इथे छापलेली तबकडी) घेऊ की नवी रीइश्यू (नव्याने काढलेली आवृत्ती)? शिवाय खोली गच्चीखाली, भिंत पश्चिमेची, उन्हाळाभर कूलर. तबकड्या वाकतील का?

दुसरीबाजू
यादी झकास आहे, पण सगळी एलपीवर घेऊ नका. माझी कसोटी साधी: अल्बम दोन बाजूंचा विचार करून रचलाय का? तसं असेल तर एलपी, नाहीतर सीडी.

'ॲबी रोड' (१९६९) घ्याच. पहिली बाजू 'आय वाँट यू' वर संपते, तीही सूर चढत असताना मध्येच कापल्यासारखी. मग उठायचं, तबकडी उलटायची, आणि 'हिअर कम्स द सन' सुरू. ती मधली शांतता त्या रचनेचाच भाग आहे. मोबाइलवर दोन्ही गाणी एकमेकांना चिकटतात आणि सगळी गंमत जाते. 'डार्क साइड' (१९७३) चंही तेच, दुसरी बाजू 'मनी'च्या गल्ल्याच्या खणखणाटाने उघडते.

'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) मात्र सीडीवरच घ्या. ध्वनिमुद्रणच डिजिटल आहे, आणि सीडीवर जवळपास ५५ मिनिटं असलेला अल्बम मूळ एलपीत बसवायला काही गाणी आखूड केली होती. एलपी हवीच असेल तर दोन तबकड्यांवरची, ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेऱ्यांची) पूर्ण आवृत्ती शोधा. 'कंदिसा' २००० चा आहे, म्हणजे कॅसेट-सीडीच्या जमान्यातला. 'मा रेवा' मधला राहुल रामचा बास चांगल्या सीडीवर पुरेपूर मिळतो.

शक्तीचा पहिला अल्बम संगीत म्हणून माझ्या लेखी यादीत सर्वांत वर, पण तबकडी म्हणून अवघड. दुसऱ्या बाजूवर एकच रचना आहे, सुमारे २९ मिनिटांची. एका बाजूला १८ ते २२ मिनिटं असली की खोबणी (सुई जिच्यातून सरकते ती बारीक रेघ) ऐसपैस कापता येते. २९ मिनिटं कोंबायची तर खोबणी जवळजवळ आणि उथळ, म्हणजे आवाजाची पातळी कमी. आवाज वाढवला की खरखरही वाढते. विनायकरामच्या घटमचे हलके बोल तिथेच बुडतात. ही तबकडी अगदी स्वच्छ मिळाली तरच घ्या.

काळीपाच
'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) बद्दल एक खोच. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी ज्या मशीनवर टेप झाली ते किंचित हळू चालत होतं, त्यामुळे तबकडीवर ती थोडी चढी वाजतात. हे दुरुस्त झालं १९९२ च्या आवृत्तीत. पेटी घेऊन सोबत वाजवायचा विचार असेल तर दुरुस्त केलेलीच घ्या, नाहीतर पट्टी जुळत नाही म्हणून पेटीला दोष द्याल. त्यामुळे इथे "मूळ प्रेस म्हणजे श्रेष्ठ" हे चालत नाही.

झेपेलिनचा चौथा (१९७१) म्हणजे सुईची परीक्षा. 'स्टेअरवे टू हेवन' पहिल्या बाजूच्या शेवटी, आणि त्यातला सर्वांत जोरकस भाग अगदी आत, लेबलाजवळ. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते, पण बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी सरकते आणि आत जेमतेम २१. तेवढ्या कमी जागेत तेवढाच आवाज कोरलेला, म्हणून 'स' आणि झांजा फाटतात. गोल टोकाच्या सुईवर जास्त, लंबगोल किंवा मायक्रोलाइनवर (फार बारीक घडवलेल्या टोकाच्या सुईवर) कमी. दुकानात ऐकायला मिळत असेल तर सुरुवात ऐकू नका, शेवटची दोन मिनिटं ऐका.

रिकाम्या जागेसाठी: 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७). शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा, हरिप्रसाद चौरसिया. अहिर भैरवपासून निघून प्रहराप्रमाणे पुढे सरकत जाणारा, अथपासून इतिपर्यंत एका सूत्रात गुंफलेला अल्बम. फ्लॉइडवाल्यांनी तर ऐकायलाच हवा. आणि इथे भारतीय प्रेस हीच अस्सल, एचएमव्हीच्या घरचीच चीज.

स्लॅबखालचा
उन्हाबद्दल लिहितो, कारण नागपुरात निम्म्या तबकड्या त्यानेच जातात. ४५–४६ अंश हवेत असले म्हणून तबकडी लगेच वितळत नाही. पीव्हीसी साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण तिरकी ठेवलेली किंवा वर वजन असलेली तबकडी त्याआधीच हळूहळू वाकते. पश्चिमेची भिंत संध्याकाळी बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापलेली असते. रॅक त्या भिंतीला लावूच नका, आतल्या भिंतीला लावा, जमिनीपासून वीतभर वर. तबकड्या सरळ उभ्या, ना सैल ना दाबून. सदरहून घेऊन आलात आणि गाडी उन्हात उभी करून जेवायला गेलात तर तबकडी गेलीच समजा. बंद गाडीत ६० अंश सहज होतात.

कूलरचा झोत रॅकवर नको. वाळ्याचा वास छान, पण दमट हवेने पुठ्ठ्याचं कव्हर फुगतं आणि जुलैपर्यंत बुरशी धरते. जुन्या पीव्हीसीच्या पिशव्या आधी फेका, उष्णतेत त्या तबकडीवर धुरकट थर सोडतात आणि तो धुऊनही जात नाही. पॉलिथिनच्या घ्या.

धुवायला नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार खोबणीत बसतात. १ लिटर डिस्टिल्ड पाणी, १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनवासाच्या भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळून सुकवा. इतवारीत जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या हाती लागल्या तर हे मिश्रण त्यांना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या, अल्कोहोलमध्ये विरघळतात.

वाकलेली तबकडी काचेत दाबून गच्चीवर ठेवायचा उपाय कोणी सांगेल. बापा, नको! ऊन मोजता येत नाही. वाक जातो आणि खोबणही जाते.

बर्डीकर
सगळ्यांचे आभार. 'ब्रदर्स' आणि 'कंदिसा' सीडीवर गेले, 'व्हॅली' आत आली. आता टर्नटेबलचं सांगा. अमेरिकेतून नातेवाईक जुनं बेल्ट ड्राइव्ह देऊन राहिले आहेत, ११० व्होल्टचं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

काळीपाच
नाही झालं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो, म्हणजे ३३⅓ चे २७.८ होतील. पांढरी चारचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येईल. आधी मोटरवरचा शिक्का वाचायला सांगा. ५० हर्ट्झची वेगळी पुली (मोटरवरची, बेल्ट फिरवणारी चकरी) मिळत असेल तर काम होतं. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झचं डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर हा प्रश्नच नाही, फक्त व्होल्टेज सांभाळा.

वेग तपासायला स्ट्रोबची कागदी चकती घ्या (फिरताना दिव्याखाली तिच्या रेषा स्थिर दिसल्या की वेग बरोबर), पण ५० हर्ट्झची: ३३⅓ साठी १८० रेषा. अमेरिकन चकतीवर २१६ असतात, ती इथे खोटं सांगेल. वर साधा पिवळा बल्ब धरा. बऱ्याच एलईडीत तेवढी लुकलुक नसते.

दुसरीबाजू
आणि फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) विसरू नका. व्हीएम९५ई सारखं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) ४ मिलिव्होल्ट देतं. थेट ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये खुपसलं तर आवाज बारीक आणि बास गायब, मग लोक तबकडीला नावं ठेवतात. त्या कार्ट्रिजला सुईचं वजन २ ग्रॅम, वजन मोजायचा छोटा काटा घेऊनच लावा. "हलकं ठेवलं तर तबकडी वाचते" हा गैरसमज आहे. वजन कमी पडलं की सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

जुनी तबकडी घेताना मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. दिसणारा ओरखडा चालेल, नखाला लागणारा नाही. खोबण काळीभोर चमकण्याऐवजी राखाडी दिसली तर जड सुईने खाल्लेली आहे. ती धुऊन सुधारत नाही, भाव करत बसू नका.