मदत हवी आहे: झीरो टॉलरन्स शिस्त आणि मुलाचं सस्पेन्शन (अमेरिका)

नमस्कार मंडळी,

मुलगा इथे पब्लिक (म्हणजे सरकारी) स्कूलमध्ये सातवीत आहे. एक मुलगा बरेच दिवस त्याच्या मागे लागलाय. वह्या खेचणं, पायात पाय घालणं, आडनावावरून चिडवणं. गेल्या आठवड्यात लॉकरपाशी त्याने मागून येऊन ह्याची मान आवळली. ह्याने सुटायला ढकललं, तो पडला, कोपर खरचटलं. दोघांनाही सारखंच सस्पेन्शन!

आलेल्या पत्रात छापील चौकटी आहेत. 'परस्पर मारामारी'पुढे खूण केलीय आणि खाली शेऱ्याची जागा कोरी. आधी कोणी हात लावला, कोणी काय पाहिलं, एक अक्षर नाही. व्हाइस प्रिन्सिपल बाई फोनवर नीट बोलल्या, पण पालुपद एकच: "आमची झीरो टॉलरन्स पॉलिसी आहे, माझ्या हातात काही नाही." म्हणजे नियम मोडला की परिस्थिती न बघता सगळ्यांना ठरलेली शिक्षा.

हे मला अजिबात पटत नाही. या धोरणाच्या मुळाशी १९९४चा गन-फ्री स्कूल्स ॲक्ट आहे असं म्हणतात. शाळेत बंदूक आणली तर किमान वर्षभर शाळेबाहेर. पण त्या कायद्यातसुद्धा एकेक प्रकरण बघून लेखी आदेशाने शिक्षा बदलायची मुभा आहे. बंदुकीच्या बाबतीत जो विचार करता येतो, तो लॉकरपाशी झालेल्या ढकलाढकलीत का करता येऊ नये? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यगटाचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. अशा धोरणांनी शाळा जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांनाही मिळाला नव्हता.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी उडवून लावत नाही. तो म्हणतो, सूट द्यायचा अधिकार दिला की ती ओळखीपाळखीवाल्यांच्या मुलांनाच मिळणार, आपल्या मुलाच्या वाट्याला येणार नाही. त्यापेक्षा सगळ्यांना एक नियम बरा. भीती खरी आहे. पण एक नियम असूनही कृष्णवर्णीय मुलं या देशात कितीतरी जास्त प्रमाणात सस्पेंड होत आली आहेत, मग त्या नियमाने संरक्षण कोणाचं केलं?

रिस्टोरेटिव्ह पद्धतीबद्दलही (दोघांना समोरासमोर बसवून झालेलं नुकसान भरून काढायचं) वाचलं. पिट्सबर्गच्या शाळांत रँड या संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासात सस्पेन्शन कमी झाली, शिक्षकांना शाळेतलं वातावरण सुधारल्यासारखं वाटलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांचा अभ्यास घसरला. आमचा नेमका त्याच वयाचा! शिवाय ज्याने मान आवळली त्याच्यासमोर लेकराला बसवायला माझा जीव धजत नाही.

आता मदत हवी आहे ती अशी. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७५च्या गॉस विरुद्ध लोपेझ निकालानुसार पब्लिक स्कूलला छोट्या सस्पेन्शनसाठीही मुलाला आरोप सांगून त्याची बाजू ऐकावी लागते. ह्याला ऑफिसात बसवून कागदावर लिहून घेतलं, पण पत्र त्याआधीच टेबलावर तयार होतं असं तो सांगतो. अशा वेळी कोणी आक्षेप घेतलाय का? काय उत्तर मिळालं? कॉरिडॉरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितल्यावर दाखवतात का, की दुसऱ्या मुलाच्या प्रायव्हसीचं कारण पुढे करतात? आणि रेकॉर्डवरची 'परस्पर मारामारी' ही नोंद कोणाला बदलून मिळाली असेल तर कृपया सविस्तर लिहा. सस्पेन्शन तर भोगून झालंच, ती नोंद मात्र मला तशी राहू द्यायची नाही.

कोणी शिक्षक असाल, किंवा तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) शिस्तीच्या नियमावलीवर काम केलं असेल, तर स्वसंरक्षणासाठी केलेली झटापट नियमात वेगळी कशी लिहिली तेही सांगा. ते वाक्य मी पालक समितीत मांडणार आहे, कारण उद्या दुसऱ्या कोणाच्या मुलीवर हीच वेळ येईल.

पुढच्या आठवड्यात प्रिन्सिपलबरोबर बैठक आहे. मुलाला सोबत न्यावं की नाही, यावर घरात एकमत होत नाहीये, त्याबद्दलही अनुभव असतील तर लिहा. राज्य इथे लिहीत नाही, विचारायचं असल्यास विपू (विचारपूस, म्हणजे माझ्या पानावर निरोप) करा.