भाड्याच्या घरातील भिंतीला ओल : भाडे थांबवावे का?

प्रश्न : आमच्या भाड्याच्या घरात बाहेरच्या भिंतीला जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत ओल आली असून रंगाचे पोपडे सुटत आहेत आणि कपाटामागे काळी बुरशी धरली आहे. आम्ही खिडक्या बंद ठेवतो म्हणून असे होते, असे घरमालकांचे म्हणणे आहे. भाडे थांबवावे का?

उत्तर १ : परस्पर थांबवू नका, तक्रार तुमची असूनही थकबाकीदार तुम्हीच ठराल. आधी कारण ओळखा. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभर उंचीपर्यंतच राहते व तेथे पांढरे क्षार फुटतात, तर घरातील बाष्पाची ओल थंड कोपऱ्यांत आणि खिडकीच्या काचांवर दिसते. तुमचे वर्णन पहिल्या प्रकाराचे वाटते, आणि तो दोष इमारतीचा आहे, खिडक्यांचा नव्हे.

उत्तर २ : तारखेसह छायाचित्रे काढून लेखी तक्रार करा व दुरुस्तीसाठी मुदत द्या. नुसत्या रंगावर समाधान मानू नका (आम्ही ती चूक केली होती).

प्रश्नकर्ता : क्षार आहेत. मुदत उलटली तर?

उत्तर १ : करारातील दुरुस्तीचे कलम दाखवून भाड्यात सूट किंवा मुदतीपूर्वी करारमुक्ती लेखी मागा, नकार आल्यास भाडेविषयक प्राधिकरणाकडे किंवा वकिलाकडे जा.